खोरावरची चारची हजेरी

माझं काम आवाज ओळखण्याचं होतं. हे सांगितलं की लोकांना वाटतं, बाई गाणं शिकवत असतील. मी मासे पकडणाऱ्या होड्यांची हजेरी घ्यायचे. कुवेतमध्ये, नऊ वर्षं, शुक्रवार सोडून रोज दुपारी चार वाजता. स्वतः समुद्रात एकदाही गेले नाही. मला बोट लागते.

कुवेत म्हटलं की आपल्याकडे तेल आठवतं, फार तर एअर-कंडिशन्ड मॉल. पण दक्षिणेला, डांबरी रस्ता संपून पुढे चार किलोमीटर मिठाची पांढरी जमीन ओलांडली की एक खोर आहे. खोर म्हणजे आत शिरलेली खाडी. तिच्या काठावर पंधरावीस पत्र्याच्या आणि प्लायवूडच्या खोल्या, एक छोटी मशीद, एक बर्फाचा कारखाना आणि प्रत्येक खोलीमागे जमिनीची एक अरुंद पट्टी. जुन्या जाळ्यांचं कुंपण घालून, टँकरचं पाणी घालून त्या पट्ट्यांत मेथी, कांदा, टोमॅटो निघायचे. तीन बकऱ्याही होत्या. माणसं सगळी रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरची, मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावरची. ज्या कंपनीच्या होड्या, तिचाच बर्फाचा कारखाना; त्याच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस. नवरा शुऐबाला एका प्लँटमध्ये, राहायला आम्ही महबूलाला. सकाळी कंपनीची गाडी मला आणायची, पाचला परत सोडायची. माझी मुलगी म्हणायची, "मम्मा, यू आर जस्ट अ क्लास टीचर फॉर फिशरमेन." फार चुकीचं नव्हतं.

काम समजायला सोपं आहे. अकरा फायबरच्या होड्या. प्रत्येकीवर दोन माणसं: एक तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, आणि एक खलाशी. पहाटे जायच्या, सूर्यास्ताला यायच्या. बाहेर मोबाइल चालत नाही, म्हणून प्रत्येक होडीवर एक रेडिओ, काठावर दोन आणि माझ्या टेबलावर एक. चार वाजता मी तांडेलांची नावं घ्यायचे, कारण होडीचे नंबर रेडिओवर कोणाला कळत नाहीत. ज्याचं नाव घेतलं त्याने म्हणायचं, "हाजिर." हा शब्द अरबी मालकालाही कळतो आणि दाभोळच्या माणसालाही. उत्तर नाही आलं, तर दहा-दहा मिनिटांनी तीन वेळा हाक. तिसऱ्या हाकेलाही नाही, तर तटरक्षकांना फोन. वहीत नावापुढे खूण करायची. एवढंच.

त्या जागेबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. तिथे भीती वाटते ती भर दुपारी. ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की समुद्र दिसेनासा होतो. राहतो तो ओला चिखल आणि त्यात उभे हद्रेचे खांब. हद्रा म्हणजे चिखलात रोवलेल्या खांबांचं बाणाच्या आकाराचं कुंपण. भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला अडकतात. उन्हाच्या झळांत ते खांब हलतात. माझ्या खिडकीतून पाहिलं की नेहमी वाटायचं, त्यांत एक खांब नाही, माणूस आहे. सुरुवातीला मी दुर्बीण लावून खात्री करायचे. वर्षभराने सोडून दिलं. कामं होती.

ती हद्रा उस्मानचाचांची. वय सत्तरीकडे झुकलेलं, डाव्या कानाने बहिरे, तिथे सर्वांत जुने. होडीवर जाणं त्यांनी सोडलं होतं. हद्रा सांभाळायचे आणि तारेचे गरगूर, म्हणजे घुमटासारखे पिंजरे, विणायचे. काठावरच्या दोन रेडिओंपैकी एक त्यांच्या शेडमध्ये असायचा. वस्तीत सगळे त्यांना वचकून.

कामाला लागून चार महिने झाले असतील. मी खूश होते. एकही दिवस कोणी गैरहजर नाही. मालक वही पाहून मान डोलवायचे. एके दिवशी चारला मी नेहमीप्रमाणे नावं घेतली. "रफिक." रेडिओवरून आलं, "हाजिर." मी खूण केली आणि मान वर केली, तर रफिक तांडेल माझ्या दारातल्या बाकावर बसला होता. अंगात ताप, हातात औषधाची बाटली. सकाळी मीच त्याला दवाखान्यात पाठवलं होतं.

मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे.

"रफिक, तू इथे आहेस ना?"

"हाय की, बाय."

"मग आत्ता 'हाजिर' कोण म्हणालं?"

"ता तसाच असता," तो म्हणाला आणि बाटलीचं झाकण उघडून औषध प्यायला लागला.

मी थेट उस्मानचाचांच्या शेडमध्ये गेले. म्हटलं, हा काय पोरखेळ लावलाय? चार महिने मी खोट्या खुणा करतेय काय? चाचा तार वाकवत होते, त्यांनी हात थांबवला नाही.

"बाय, दर्यावर हाक मारली ती रिकामी परत येवाची नाय."

"आली तर काय होतं?"

"येतच नाय रिकामी. कोन तरी जाब देतोच. आपला मानूस देल तर बरा."

म्हणजे पद्धत अशी. कोणाचं नाव पाण्यावर गेलं आणि तो उत्तर देऊ शकत नसला, तर जवळ जो असेल त्याने त्याच्याऐवजी जाब, म्हणजे उत्तर, द्यायचा. नाव उघडं ठेवायचं नाही.

"आणि आपल्या माणसाने नाही दिला तर?"

"तर तो घरी येतो, पन घरचा ऱ्हवत नाय."

मी वाद घातला नाही. नऊ वर्षांत एक शिकले; माणसांची श्रद्धा बदलता येत नाही, फॉर्म बदलता येतो. मी नियम केला. स्वतःसाठी बोलायचं तर एकदा "हाजिर". दुसऱ्यासाठी बोलायचं तर दोनदा, "हाजिर, हाजिर". दोनदा आलं की मी खूण न करता विचारणार, माणूस कुठे आहे. सगळ्यांनी मान्य केलं. चाचा म्हणाले, "बाय शिकलेली हाय, पन अक्कल बी हाय." मी ते कौतुक समजून घेतलं.

हा नियम आठ वर्षं चालला. कोणीही कधी चुकलं नाही. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

तो दिवस फेब्रुवारीतला. सकाळी दाट धुकं होतं, नऊच्या सुमारास वारा फिरला आणि धुकं फाटलं. दुपारपर्यंत लख्ख ऊन. चार वाजता मी वही उघडली. पाचवं नाव इक्बालचं. इक्बाल चाळिशीचा, बोलघेवडा, "हाजिर" म्हणतानाही गाण्यासारखा लांबवायचा. त्याचा खलाशी हसन, पन्नाशीचा, अगदी अबोल. खलाशांचा आणि रेडिओचा संबंधच नसायचा. परवान्याचे कागद घेऊन तांडेलच यायचे. हसन कधी आला तर मेथीची जुडी टेबलावर ठेवायचा, मान हलवायचा आणि जायचा.

"इक्बाल."

"हाजिर."

एकदाच. मी थांबले, दुसरा येतो का पाहिलं. नाही आला. मी खूण केली.

आता आठवताना दोन गोष्टी आठवतात. आवाज बसलेला होता आणि लांबवलेला नव्हता. मला वाटलं, सर्दी झाली असेल. दुसरी गोष्ट, रेडिओची नेहमीची खरखर नव्हती. खोलीतच कोणी बोलावं तसा तो शब्द आला. मला वाटलं, आज हवा स्वच्छ आहे. पुढचं नाव घेतलं.

पाचला घरी गेले. सूर्यास्ताला इक्बालची होडी आली नाही. वस्तीतली माणसं म्हणाली, चारला बायला जाब दिलाय, म्हणजे गरगुरांवर थांबला असेल. कधीकधी थांबायचे. सकाळी साडेसहाला मी पोचले, तर रफिक गेटवर.

"बाय, इक्बाल आला नाय अजून."

मी रेडिओवर तीन हाका मारल्या, दहा मिनिटं न थांबता. काही नाही. तटरक्षकांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बरोबरच होता: शेवटचा संपर्क कधी? मी म्हणाले, काल चार वाजता. त्यांनी चारपासूनचा वारा आणि प्रवाह धरून शोध सुरू केला.

होडी सापडली दहा वाजता, भलतीकडेच. ती चारला उलटलीच नव्हती; आदल्या सकाळी दहाला उलटली होती. गरगूर ओढताना वाऱ्याचा झोत आला, वजन एका बाजूला आलं. रेडिओ तेव्हाच तळाला गेला. दोघं उलट्या होडीच्या पाठीवर चढून बसले. इक्बाल जिवंत मिळाला. हसन पहाटे घसरला होता. फेब्रुवारीतलं तिथलं पाणी माणसाला फार वेळ जिवंत ठेवत नाही.

माझ्या वहीत खूण नसती, तर साडेचारला फोन गेला असता. अजून तास-दीड तास उजेड होता.

आता प्रश्न एकच उरला: "हाजिर" कोण म्हणालं? दहाही तांडेलांनी मशिदीत जाऊन शपथ घेतली, आम्ही नाही. काठावरचा दुसरा रेडिओ दुरुस्तीला गेलेला. राहिले उस्मानचाचा. मी त्यांना विचारलं. त्यांनी पहिल्यांदाच हातातली तार खाली ठेवली.

"बाय, मना ठाव नाय. डोला लागला व्हता. सवय हाय जाब देवाची. दिला असन."

"दिलात तर दोनदा दिला असता."

"दोनदाच दिला असन."

मग माझ्या लक्षात आलं. रेडिओचं बटण दाबताक्षणी बोललं, तर पहिला शब्द कापला जातो. मी हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना शिकवलं होतं: दाबा, श्वास घ्या, मग बोला. झोपेतल्या म्हाताऱ्याने दाबून लगेच दोनदा म्हटलं, तर माझ्यापर्यंत एकच पोचणार. माझ्या नियमात एवढं मोठं भोक होतं आणि आठ वर्षं ते कोणाला दिसलं नव्हतं. मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला हसन परत आला. उस्मानचाचांच्या हद्रेत, बाणाच्या अगदी टोकाला, जिथे मासे जमतात तिथे. दुपारचे बारा वाजले होते. मी खिडकीतून पाहिलं. खांबांमधला जो मला माणूस वाटतो, तो त्या दिवशी माणूसच होता.

वस्तीने तोच निकाल मानला: हसन चाचांच्या हद्रेत आला, म्हणजे चूक चाचांचीच. कोणी आरडाओरडा केला नाही, चाचांवर कोणी हात उगारला नाही. फक्त त्यांच्या हाकेला कोणी ओ देईना. "रफिक, जरा पानी सोड रे." रफिक शेजारच्या पट्टीत कांदे काढत असायचा, मान वर करायचा नाही. ज्या गावात हाक रिकामी जाऊ देत नाहीत, तिथे ही शिक्षा. चाचा आठवडाभरात वाकले. कंपनीने ठरवलं, चौकशीचा कागद झाला की म्हाताऱ्याला परत पाठवायचं. तीस वर्षांनंतर, हे ओझं घेऊन. आणि गावही तेच, हसनचं.

मी इक्बालला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. तो कुजबुजत बोलत होता. घशाला मिठाने जखमा झाल्या होत्या.

"इक्बाल, चार वाजता तुम्ही कुठे होतात?"

"होडीच्या पाठीवर. उन कलला तवा हसन बोलला, चार झाले, बाय आता हाक मारत असन. माजा नाव येल म्हनून मी जाब देवाला गेलो, तर गल्यातना आवाजच नाय. मंग तोच बोलला माज्यासाठी. हाजिर."

"एकदा?"

"एकदा. मी बोटा दाखवली, दोनदा बोल. तर हसला. बोलला, हितं कोन आयकताय?"

मी खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत बसले.

"रेडिओ नव्हता ना तुमच्याकडे?"

"रेडिओ सकालीच बुडाला, बाय."

मी त्याला काही सांगितलं नाही. अशा गोष्टींची मला सवय नाही. मी स्वतःशी हिशेब मांडला: इक्बालला भ्रम झाला असेल, चाचांनी झोपेत बटण दाबलं असेल, दोन्ही एकाच वेळी. असं होऊ शकतं. मी त्यावर चार दिवस काढले.

मग हसनच्या बायकोचा मेसेज आला. तिचं नाव मुमताज. गावात बातमी पोचली होती की चारला जाब आला होता. तिने लिहिलं होतं, "ताई, तुम्ही आवाज ऐकलात. तो यांचा होता का? चारपर्यंत तरी ते बोलत होते का, एवढंच सांगा." मी कळवलं, नऊ वर्षांत मी हसनचा आवाज कधी ऐकलाच नाही, मी कसं सांगू? हे लिहिताना लाज वाटली. त्या माणसाची मेथी मी शेकडो वेळा खाल्ली होती.

तिने एक रेकॉर्डिंग पाठवलं. आदल्या महिन्यात हसनने तिला पाठवलेलं. मी ते दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात, दार उघडं ठेवून ऐकलं. "माडावरचे नारल काडून घे गो, उगाच कोनाच्या डोस्क्यात पडतील. आनी पोरीला बोल, परीक्षेला चश्मा घालून जा." संपलं.

मला आवाज ओळखायला दोन शब्द पुरतात. तेच माझं काम होतं. बसलेला, न लांबवलेला, जवळचा आवाज. तोच मी चारला इक्बालचा समजून वहीत खूण केली होती.

कसं, ते मला विचारू नका. मी अनेकांना विचारून पाहिलं; रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अब्बासियातल्या माणसाने तर मला ऊन लागलं समजून चहा पाजला, पंखा लावून बसवलं. मी काहीही सिद्ध करत नाहीये. काय झालं तेवढं सांगतेय.

मुमताजला लिहिलं, "हो. त्यांचाच."

राहिला कागद. कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना होता: कारण. त्यात काय लिहायचं? मेलेला, किंवा तेव्हा अजून न मेलेला माणूस रेडिओविना बोलला? त्यांनी मला मानसोपचाराला धाडलं असतं आणि चाचांना तरीही विमानात बसवलं असतं. मी लिहिलं: "चार वाजता उत्तर आलं नव्हतं. सवयीने खूण केली. चूक माझी." सही केली. आयुष्यात कागदावर खोटं लिहिण्याची ती माझी पहिली वेळ. अर्थात पूर्ण खोटं तरी कुठे होतं? नियम माझाच होता.

माझ्याकडून रेडिओ काढून घेतला. शुऐबाच्या कोल्ड स्टोरेजला बदली झाली, तापमानाच्या नोंदी ठेवायला. तिथे मी अजून आहे. खोरावर आता होड्यांना ट्रॅकर बसवलेत. पडद्यावर अकरा ठिपके दिसतात, कोणी बोलत नाही.

निघायच्या दिवशी दुपारी मी टेबल आवरत होते. जिन्यावर पावलं वाजली. उस्मानचाचा. ते कधी वर यायचे नाहीत, गुडघे दुखायचे. दारातच उभे राहिले.

"बाय, तुमी कागदावर खोटा लिवलात."

"लिहिलं."

"माज्यासाठी?"

"कागदासाठी. कागदाला कारण लागतं."

"कागदाचा ऱ्हवू द्या. तुमी लिवलात तरी ही मानसा मना ओ देत नायत. आनी देतील तरी काय? मना सोताला ठाव नाय." त्यांनी चौकट धरली. "खरा सांगा. तो आवाज माजा व्हता?"

मी फोन काढला. त्यांच्या उजव्या कानाशी धरला आणि लावला. माड, नारळ, चश्मा. त्यांनी बोट वर केलं, पुन्हा. पुन्हा लावला.

"हा हसन," ते म्हणाले.

"चारला मी हाच ऐकला."

कसं, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या ओळखीत तो एकच माणूस, ज्याने विचारलं नाही. बाकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मग उठले, माझ्या हातातून फोन घेतला आणि जिन्याच्या कठड्यापाशी गेले. खाली भाजीच्या पट्ट्यांत चारपाच जण वाकलेले होते. रफिकची पाठ मला दिसत होती.

"रफिक!"

पाठ हलली नाही.

"रफिक! वर ये, आयक ह्या!"

खुरपं थांबलं. बाकीचेही थांबले. कोणी वर पाहिलं नाही. मी मध्ये पडले नाही. ती हाक माझी नव्हती. चाचांनी श्वास घेतला आणि परत हाक मारली.

तिसऱ्या हाकेला रफिकची ओ आली.